कस

सकाळी साडेनऊच्या सुमारास नगरथपेठेतल्या एका बोळात एक माणूस उकिडवा बसून उंबरठा झाडत असतो. त्याच्या हातात केरसुणी नसते. रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखा मऊ केसांचा ब्रश असतो. फरशीच्या सांध्यांतून, चौकटीच्या कोपऱ्यातून, पायरीच्या कडेवरून तो हा ब्रश इतक्या हळू फिरवतो, की झोपलेल्या बाळाच्या गालावरची तीट पुसतोय असं वाटावं. जमलेली धूळ सुपलीत जाते, सुपलीतून पत्र्याच्या डब्यात, आणि डब्याला लगेच झाकण लागतं. बोळातून जाणारे येणारे त्याला वळसा घालून जातात. तो झाडत असलेली जागा कुणी ओलांडत नाही.

त्या धुळीत सोनं असतं. बोळाच्या दोन्ही अंगांना, अरुंद जिन्यांनी वर गेलं की लागणाऱ्या बुटक्या खोल्यांमधून, कारागीर दिवसभर कानस चालवत बसलेले असतात. कितीही सांभाळलं तरी कीस उडतोच. तो केसांत बसतो, नखांत शिरतो, चपलेच्या तळाला चिकटून रस्त्यापर्यंत येतो. हात धुतलेलं पाणीसुद्धा इथे एकदम मोरीत सोडत नाहीत, पिंपात साठवून ठेवतात. अशा धुळीतून आणि राखेतून सोनं धुऊन काढणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणत. हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. कन्नडमध्ये त्याला जलगार म्हणतात, आणि गंमत अशी की रस्ता झाडणाराही जलगारच. कुवेंपूंचं याच नावाचं एक नाटक आहे, त्यात शिव झाडूवाल्याच्या रूपात भेटतो. मी ते पुष्कळ उशिरा वाचलं. पण या बोळातल्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला त्या उकिडव्या बसण्यात पूजेसारखं काहीतरी दिसलं होतं.

बेंगळुरूत राहून मला आता वीसेक वर्षं होतील, पण पेठेत मी वारंवार येऊ लागले ती मेट्रो झाल्यावर. चिकपेटचं स्टेशन जमिनीखाली आहे. २०१७ साली ते सुरू झालं. सरकत्या जिन्यानं वर आलं की थंड, स्वच्छ, निनावी जगातून माणूस एकदम गर्दीच्या कुशीत पडतो. साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, स्टीलच्या भांड्यांच्या उतरंडी, लग्नपत्रिकांची दुकानं, अॅव्हेन्यू रोडवरच्या फुटपाथवर रचलेली जुनी पाठ्यपुस्तकं, मधेच राइस मेमोरियल चर्चचं शांत फाटक. पुढे राजा मार्केट लागतं. मजल्यावर मजला चढत गेलेली चांदी-सोन्याची छोटी छोटी दुकानं, काही तर आपल्याकडच्या देवघरापेक्षा जेमतेम मोठी. काचेमागे समया, पैंजण, करंडे, देवीचे मुखवटे. पितळी काटे जाऊन आता विजेवरचे काटे आलेत, पण त्यांच्याभोवतीची काचेची पेटी मात्र राहिली आहे. सोनं तोलताना वाराही मधे नको असतो.

१५३७ मध्ये केंपेगौडांनी हे गाव वसवलं, तेव्हा दोड्डपेटे आणि चिक्कपेटे जिथे एकमेकींना छेदतात त्या चौकात चार नांगर उभे केले आणि चारी दिशांना बैल सोडले, अशी कथा इथे सांगतात. बैल जिथे थांबले तिथवर गाव. दोड्डपेटे म्हणजे आजचा अॅव्हेन्यू रोड. मला ही कथा आवडते ती बाजाराची सुरुवात नांगरानं होते म्हणून. नांगराच्या तासांवरूनच पुढे पेठा पडत गेल्या असाव्यात असं मी मनाशी धरून चालते. अक्कीपेटेत तांदूळ, रागीपेटेत नाचणी, बळेपेटेत बांगड्या. बळे म्हणजे बांगडी. आता बळेपेटेत वाद्यांची दुकानंही आहेत. कुणीतरी वीणेची तार जुळवत असतं आणि त्याच आवाजात काचेच्या बांगड्यांचा किणकिणाट मिसळतो.

बांगडी आपण मराठीत फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. दिवासुद्धा वाढवायचा. जे जाऊ नये असं वाटतं त्याच्या जाण्याला बायकांनी हा शब्द देऊन ठेवलाय. सोन्याच्या बाबतीत मात्र आपली भाषा एकदम कोरडी होते. दागिना मोडला, म्हणतो. पाटल्या मोडल्या, गोठ मोडले, बाजूबंद मोडला. मुलाच्या शिक्षणासाठी मोडला, आजारपणात मोडला, विहीर खणताना मोडला. लहानपणी माजघरात हा शब्द ऐकला की सगळ्या बायका एक क्षणभर गप्प व्हायच्या, हे मला आठवतं.

मीही इथे मोडायलाच आले होते.

आजीची बोरमाळ आईकडे आली होती, आणि आई गेल्यावर ती आम्हा तिघी बहिणींसमोर येऊन पडली. बोराएवढे मणी, एकसरी, मधे कुठे कुठे दोरा विरलेला. बरीच बोरं चेपली होती, दोन-तीन फाटून आतली लाख बाहेर डोकावत होती. दुरुस्तीला नेली तर पत्रा इतका पातळ झालाय की हात लावता येणार नाही, असं सोनारानं सांगितलं. मणी वाटून घ्यावेत असंही एकदा ठरलं. पण चेपलेली बोरं डब्यात ठेवून करायचं काय, हा प्रश्न धाकटीनं विचारला आणि त्याला उत्तर नव्हतं. मी बेंगळुरूची, पेठेत जाणारी येणारी, म्हणून काम माझ्याकडे आलं. सोनं आटवायचं, शुद्ध करून घ्यायचं आणि तीन सारखे भाग करायचे.

पहिल्या दोन दुकानांत काचेपलीकडून ‘हळे चिन्न’ एवढंच म्हणत माळ ट्रेमध्ये घेतली गेली. हळे चिन्न म्हणजे जुनं सोनं. चिन्न हा शब्द मला कन्नडमधला सगळ्यात गोड शब्द वाटतो, कारण आया लेकरांनाही चिन्ना म्हणूनच हाक मारतात. आपण सोन्या म्हणतो, सोनुल्या म्हणतो, तसंच अगदी. त्या दिवशी मात्र तो शब्द ऐकून घशात काही अडकलं. मी माळ परत घेतली आणि बाहेर पडून नुसतीच चालू लागले. नगरथपेठेच्या आतल्या अंगाला, कालिकांबेच्या देवळाच्या परिसरात, जिथे रस्ता इतका अरुंद होतो की समोरून स्कूटर आली तर भिंतीला पाठ लावावी लागते, तिथे एका उघड्या दारातून आवाज आला,

“आरं, मूस उतरव की आदी! किती तापवतूयास?”

कृष्णा आणि माण यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातली ती मराठी होती. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. हा हेल मी एसटीच्या गर्दीत, आठवड्याच्या बाजारात ऐकत मोठी झाले. पाय आपोआप थांबले. दारावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत पाटी होती, आणि आत भिंतीवर विठ्ठल-रखुमाईचं कॅलेंडर.

गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतून बाहेर पडलेली ही माणसं. भारतातल्या कुठल्याही मोठ्या सराफी पेठेत जा, मागच्या गल्लीत सोनं-चांदी आटवणारा आणि गाळणारा माणूस बहुधा विट्याकडचा निघतो. केरळात, तमिळनाडूत, बंगालमध्ये, नेपाळपर्यंतही ही मंडळी पोचली आहेत. सांगली जिल्ह्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जिल्ह्याबाहेरच्या मराठी माणसाला सांगितलं तर तो चकित होतो. आपण दुकानाच्या काचेपाशी थांबतो. काचेमागे एक पडदा असतो, पडद्यामागे दार, दाराबाहेर बोळ, आणि बोळाच्या टोकाला ही माणसं.

“कुठलं गाव म्हनायचं ताई?” त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं. “मंग आपल्यातल्याच की,” म्हणाले आणि स्टुलावरची धूळ गमछानं झटकून स्टूल पुढे सरकवलं. साठीच्या पुढचे, काटक, डोळ्यांच्या कडा लालसर. मी त्यांना मामा म्हणू लागले. दुसरं काही सुचलंच नसतं.

मामांनी माळ हातात घेतली आणि तोलायच्या आधी एकेक बोर अंगठ्याच्या नखानं वाजवून पाहिलं. “लाख भरल्याली हाय. जाळावी लागंल. वजन लई कमी भरंल ताई, आदीच सांगतो. नंतर वाईट वाटायला नगं.” आमच्या घरात ती माळ सहा तोळ्यांची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जात होती. आजीचा तोळा तरी आजचा कुठे? तो ११.६६ ग्रॅमचा. बारा मासे, आणि माशाला आठ गुंजा. आता बाजारानं तो सरळ दहा ग्रॅमचा करून टाकलाय. गुंज म्हणजे ती लाल-काळी बी, कन्नडमध्ये गुलगंजी. दोन्हीकडच्या सोनारांनी एकाच बीनं सोनं तोललं.

शेगडीवर मूस ठेवली गेली. “मालक समोर असल्याबिगर मी मूस ठेवत न्हाई,” मामा म्हणाले. लाख पेटली तेव्हा खोलीभर एक वास पसरला. राळेसारखा, थोडा गोड, थोडा करपट. आजीच्या अंगाला हा वास कधीच नव्हता, आणि तरीही गळ्यातून सरळ तिचीच आठवण वर आली. ही लाख इतकी वर्षं तिच्या छातीवर होती. बोरांना गोलाई देणारी, आघात सोसणारी. सोनं नुसतं वरचं. मणी एकेक करून बसले, आकसले, आणि मग अचानक, मी नीट पाहते न पाहते तोवर, सगळे एकमेकांत शिरून एकच थेंब झाला. सोनं १०६४ अंशांवर वितळतं. वितळलेलं सोनं पिवळं दिसत नाही. त्यावर हिरवट झाक असते, एखाद्या प्राण्याच्या डोळ्यासारखी. मूस थोडी कलली की तो डोळा हलतो.

माळेचं वजन साडेतीन तोळ्यांच्या आसपास भरलं. मामांनी काट्यावरचा आकडा मला वाचायला लावला, मगच पेन्सिलीनं कागदावर लिहिला.

पुढचं काम वेळ खाणारं होतं, आणि मी थांबले. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात तिपटीनं चांदी मिसळावी लागते, हे मला माहीत नव्हतं. एक भाग सोनं, तीन भाग चांदी. नुसत्या सोन्यात तेजाबाला आतवर शिरता येत नाही. चांदी दाट मिसळलेली असली की तेजाब तिला विरघळवत विरघळवत आत जातं, आणि जाताना तांबं, डाक, जे काही हीण असेल ते बरोबर घेऊन जातं. मिश्रण पुन्हा वितळवून थंड पाण्यात सोडलं. चुर्र आवाज होऊन त्याचे पांढुरके, वेडेवाकडे दाणे झाले. सोन्याचा मागमूसही दिसेना. मग ते दाणे तेजाबात उकळायला ठेवले. विटकरी-पिवळा धूर वर उठला आणि पंख्यानं बाहेर ओढला गेला. “पूर्वी पंखा न्हवता,” मामा म्हणाले आणि जरा खोकले.

तळाशी राहिलं ते कॉफीच्या चोथ्यासारखं दिसत होतं. तपकिरी, मातकट, ओलं. या शहरात घरोघरी सकाळी फिल्टरमधून जो चोथा टाकला जातो, तसंच. हे सोनं आहे, असं सांगितलं नसतं तर मी मोरीत ओतलं असतं. जगातलं सगळ्यात शुद्ध सोनं असं दिसतं, ही गोष्ट मला त्या दिवसापासून सोडत नाही. चमक नंतर येते, पुन्हा आगीत गेल्यावर.

तेजाबाचं पाणीही टाकून देत नाहीत. त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की विरघळलेली चांदी करड्या गाळासारखी तळाला बसते आणि पाणी निळं-हिरवं होत जातं. एक धातू दुसऱ्यासाठी जागा सोडतो. मामांचा पोऱ्या हे सगळं न बघता, सवयीनं करत होता.

उकळायला ठेवलं की बसून राहण्याशिवाय काम नसतं, आणि बसून राहिलेला माणूस बोलतो. मामा चौदा-पंधराव्या वर्षी चुलत्याबरोबर आले. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, घरात खाणारी तोंडं सात. पहिली काही वर्षं ते याच खोलीत, भट्टीच्या उबेला झोपले. कन्नड आलं ते हमालांकडून, तमिळ कारागिरांकडून, आणि मारवाडी आलं सराफांकडून. हिशेब मात्र अजून मराठीत चालतो. दसऱ्याला गावी जायचंच. विट्याच्या पालखीची शर्यत चुकवायची नाही. नाहीतर मग खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा. त्या दिवसांत गावात गाड्यांचे नंबर वाचत फिरलं तर अख्खा देश फिरून झाल्यासारखं वाटतं, म्हणाले.

व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातले. त्यांच्या ‘बनगरवाडी’च्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. शाळेत असताना ते वाचून मी रडले होते, आणि मग ती माणसं कुठे गेली असतील असा प्रश्न मनात राहून गेला होता. त्या मुलखातून उठलेली काही माणसं कुठे गेली, ते त्या खोलीत मला दिसत होतं.

गाळणे हा एकच शब्द आहे आपल्याकडे. कृष्णाकाठच्या गावांनी ऊस गाळला. पाणी होतं, मळे होते, कारखाने आले, हंगाम आला की गाळप सुरू. तीस-चाळीस किलोमीटरांवरच्या कोरड्या गावांच्या नशिबी ऊस नव्हता. त्यांनी परमुलखात जाऊन सोनं गाळलं. आणि कस हाही एकच शब्द. जमिनीचा कस आणि सोन्याचा कस. शेत कसायचं, आणि सोनं कसोटीवर कसून पाहायचं. ज्यांच्या जमिनीत कस होता पण पाणी नव्हतं, त्यांच्या बोटांत तो दुसऱ्या वाटेनं उतरला. काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढून, त्यावर तेजाबाचा थेंब सोडून, रंग किती टिकतो यावरून मामा सोनं किती नंबरी ते सांगतात. आता मशीनं आली आहेत. किरणांखाली तुकडा ठेवला की मिनिटाभरात टंच छापून मिळतो. २०२३ च्या एप्रिलपासून दुकानात विकायच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी हॉलमार्क सक्तीचा झालाय. मामांचा मुलगा अशाच एका मशीनवर बसतो. मामांनी माझ्या सोन्याची रेघ तरीही दगडावर ओढली. आकडा सांगितला. मशीनवरून आला तो त्याहून फार वेगळा नव्हता.

“आमच्याकडं आता टेंभू योजनेचं पानी आलंया,” मामा म्हणाले. “ऊसबी लागलाय शिवारात. जमीन हाय की अजून. पर कसायला मानूस कुठं हाय?”

त्यावर मला काही बोलता आलं नाही.

बेंगळुरूत मराठी माणूस दुष्काळानंच आला असं मात्र नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं हे गाव घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं. जिजाबाईंबरोबर लहान शिवबा काही काळ इथे राहून गेले. जयराम पिंड्ये यांनी शहाजीराजांच्या दरबाराचं वर्णन करणारी ‘राधामाधवविलासचंपू’ रचली, तिच्यात या राजाभोवती जमलेल्या अनेक भाषांच्या कवींची गर्दी आहे. पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजे तंजावरकडे वळले. १६८७ मध्ये मोगलांनी गाव घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना देऊन टाकलं. या पेठा त्या सगळ्यांच्या आधीच्या. धनी बदलले, पण चिक्कपेटे चिक्कपेटेच राहिली. बेंगळुरूतली मराठी मंडळी शहाजीराजांची आठवण अभिमानानं काढतात, मीही काढते. पण त्या दिवशी स्टुलावर बसून वाटलं, की राजांची जहागीर पन्नासेक वर्षांत संपली, आणि या चौदा वर्षांच्या पोरांनी भट्टीशेजारी झोपून जी जागा धरली ती अजून आहे. तिचीही आठवण कुणीतरी ठेवायला हवी.

या शहराचं आणि सोन्याचं नातं दुकानांपुरतं नाही. पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर कोलारच्या खाणी. कावेरीवर शिवनसमुद्राला वीज तयार झाली ती १९०२ मध्ये, आणि ती बेंगळुरूला ओलांडून आधी खाणींना गेली. पंपांना, पाळण्यांना, तीन किलोमीटरांहून खोल उतरत गेलेल्या अंधाराला. बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये, तीन वर्षांनी. सोन्यासाठी ओढलेल्या विजेतून शहराला उजेड मिळाला. खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. त्यांतून निघालेलं सोनं कुठे गेलं? कुणाच्या नथीत, कुणाच्या तिजोरीत, कुणाच्या दातात. सोन्याला गाव आठवत नाही. आजीच्या बोरमाळेतही काय काय असेल कुणास ठाऊक. तिच्या सासऱ्यांनी गिन्न्या आटवून ती करवली होती, असं घरात सांगत. गिन्नी म्हणजे आठ ग्रॅमला जरा कमी, बावीस कॅरट, वर इंग्लंडच्या राजाचं तोंड. तशा गिन्न्या १९१८ मध्ये मुंबईतही पाडल्या गेल्या, आणि पुढे प्रिटोरियाच्या टांकसाळीतही. विटवॉटर्सरँडच्या डोंगरात आफ्रिकी मजुरानं खणलेलं सोनं कृष्णाकाठच्या एका बाईच्या गळ्यात बोर होऊन बसलं असेल, तर त्यात अशक्य काही नाही. १९३१ नंतरच्या मंदीत खेड्यापाड्यांतून किती दागिने मोडले गेले आणि मुंबईच्या बंदरातून जहाजं भरभरून सोनं बाहेर गेलं. त्या लाटेत आजीची माळ वाचली. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली, गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या, तेव्हाही ती वाचली. आणि शेवटी ती माझ्या हातून मोडली.

संध्याकाळी ती तपकिरी भुकटी पुन्हा मुशीत गेली. थोडी सवागी, थोडी आग. यावेळी साच्यात ओतली ती लगड निघाली. बोटाएवढी, जड, उष्ण, आणि आता मात्र पिवळी. अशी पिवळी, की डोळ्यांनी विश्वास ठेवावा लागेल. मामांनी ती छिन्नीनं तीन ठिकाणी केली, काट्यावर घातली, कानशीनं एक कड घासली, पुन्हा घातली. तीनही भाग मिलिग्रॅमपर्यंत सारखे. घासलेला कीस त्यांनी ब्रशनं टिपला, तिसऱ्या पुडीत टाकला, पुन्हा तोलला, आणि एक कण इकडून तिकडे सरकवला. गुलाबी कागदाच्या तीन पुड्या झाल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं वजन.

“एक सांगतो ताई,” निघताना ते म्हणाले. मूस त्यांच्या हातात होती, आत काळसर, कडेला एक बारीक पिवळा ठिपका. “ह्यात तुमच्या आजीचं वाईच ऱ्हातंयच. कितीबी घासलं तरी. मूस जुनी झाली की आमी ती फोडून, कुटून, धुतो. तवा निगतं. मंग त्ये कुणाचं, त्ये कुनाला सांगता येत न्हाई.”

बाहेर पडले तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते. काचेमागे नव्या नवऱ्या आरशात बघत होत्या, आया मागे उभ्या राहून फासा नीट करत होत्या. चैत्री पौर्णिमेला याच रस्त्यांनी रात्रभर करगाची मिरवणूक फिरते. धर्मरायाच्या देवळातून निघून, कॉटनपेटेतल्या मस्तानसाहेबांच्या दर्ग्यात थांबून, पहाटे परत. त्या रात्री ही सगळी शटरं अर्धी उघडी असतात आणि सोन्याच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसून असतात. त्या संध्याकाळी तसं काही नव्हतं. रोजचीच गर्दी होती. सकाळी उंबरठा झाडणारा माणूस पुन्हा आला होता, पत्र्याचा डबा शेजारी ठेवून त्याच पायरीशी बसला होता. माझ्या चपलांना त्या खोलीतलं काही चिकटलं असलं तर ते इथेच राहावं असं वाटलं, म्हणून त्याच्याजवळून जाताना मी पायरीवर पाय जरा झटकले. त्यानं वर पाहिलं नाही. ब्रश तेवढा त्या जागेवरून फिरवला.

थोरलीनं आपल्या वाट्याचं मुलीसाठी ठेवलंय. धाकटीनं कानातलं करून घेतलं, आणि ते तिला शोभतं. माझी पुडी कपाटात आहे, तशीच.

तुमच्याही घरात अशी एखादी माळ असेल, चेपलेली, विरलेल्या दोऱ्यातली. ती मोडायची वेळ आली तर कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः जा, काचेपाशी थांबू नका, मागच्या बोळात शिरा, आणि आतली लाख जळून जाईपर्यंत तिथे उभे राहा.